जात्यांची फरशी आणि 'व्हिलन'

१५ जून १३८१ रोजी सेंट ऑल्बन्सचे गावकरी तिथल्या मठात शिरले आणि एका दालनाच्या दाराशी असलेली फरशी उखडू लागले. हे गाव लंडनच्या उत्तरेला, वीसेक मैलांवर. फरशी होती जात्यांच्या दगडांची. पन्नासेक वर्षांपूर्वी मठाने गावातल्या घराघरांतून उचलून नेलेल्या जात्यांची.

उखडलेल्या दगडांचे त्यांनी तुकडे केले आणि जमलेल्या माणसांत वाटले. रविवारी चर्चमध्ये आशीर्वादाची भाकर वाटतात तसे, असं त्या वेळचं वर्णन आहे. घरी नेऊन ठेवायचे, म्हणजे तुकडा दिसला की हा दिवस आठवेल. वर्णन लिहिणारा टॉमस वॉल्सिंगहॅम त्याच मठातला साधू. गावकऱ्यांबद्दल त्याला काडीची माया नव्हती, पण ही गोष्ट त्याने लिहून ठेवली म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे.

या घटनेकडे मी एका शब्दासाठी वळलो. मालकाच्या जमिनीला बांधलेल्या कष्टकऱ्याला त्या काळच्या लॅटिन दप्तरात 'विलानुस' म्हणत आणि फ्रेंचमध्ये 'विलेन'. तोच शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला 'व्हिलन' होऊन. पिक्चरमध्ये व्हिलन कोण आहे, असं आपण सहज विचारतो. नायिकेच्या अंगावर हात टाकणारा, गरिबाचं शेत गिळणारा, शेवटी मार खाणारा तो व्हिलन. मूळ शब्दाचा अर्थ मात्र शेतावर राबणारा गडी एवढाच होता. गड्याचा दुष्ट कसा झाला, हे समजून घ्यायला सेंट ऑल्बन्ससारखं दुसरं प्रकरण मला सापडलं नाही.

शब्द कुठून निघाला

लॅटिनमध्ये 'विला' म्हणजे गावाकडची मोठी मिळकत. मालकाचं घर, त्याभोवती शेती, गोठे, कोठारं, आणि तिथे राबणारी माणसं, सगळं मिळून विला. त्या विलाचा तो विलानुस. इंग्रजीतलं 'व्हिलेज'ही याच मुळाचं. लोणावळ्याला किंवा अलिबागला जाताना रस्त्याच्या कडेला 'स्विमिंग पूलसह व्हिला' अशा जाहिरातींचे फलक दिसतात, तो व्हिला हाच. घराचं नाव दोन हजार वर्षं झळाळत राहिलं. त्या घराला धान्य पुरवणाऱ्याच्या नावाचं काय झालं ते पाहा.

१०८६ साली विल्यम राजाने इंग्लंडची पाहणी करून घेतली. कोणत्या गावात किती नांगर, किती गिरण्या, किती माणसं, सगळं 'डूम्सडे' नावाच्या दप्तरात उतरवलं. त्यात नोंदलेल्या माणसांपैकी सुमारे दोन पंचमांश 'विलानी' आहेत. सगळ्यांत मोठा गट हाच. तिथे शब्दाला कसलाही वास नाही. गावात राहणारा, जमीन कसणारा, मालकाचं देणं देणारा माणूस, इतकंच. त्या दप्तरात त्याच्याहूनही खालच्या पायरीवर गुलाम आहेत.

शब्द कठोर झाला पुढच्या शतकात, आणि तो केला कायद्याने. दुसऱ्या हेन्रीच्या काळात राजाची न्यायालयं स्वतंत्र माणसांना जमिनीच्या तंट्यांसाठी खुली झाली. न्याय सगळ्या स्वतंत्र माणसांना मिळणार म्हटल्यावर स्वतंत्र कोण नाही, हेही ठरवणं आलं. ठरला तो विलेन. मालकाने जमीन काढून घेतली तर विलेनला मालकाविरुद्ध राजाच्या दारात जाता येत नसे. त्याची दाद मालकाच्याच कचेरीत. मालकाखेरीज इतरांशी मात्र तो स्वतंत्र माणसासारखा वागू शके. म्हणजे त्याचं बंधन एकाच माणसापुरतं होतं, पण तो माणूस म्हणजे त्याचं सगळं जग.

बंधनाचा तपशील वाचताना आपल्याकडची वेठ आठवल्याशिवाय राहत नाही. मालकाच्या खाजगी शेतावर आठवड्यातले ठरलेले दिवस काम. सुगीत जादा काम, म्हणजे स्वतःचं पीक उभं असतानाच. मुलीचं लग्न करायचं तर मालकाला 'मर्चेट' नावाची रक्कम. घरचा कर्ता गेला की 'हेरियट', म्हणजे गोठ्यातलं सगळ्यांत चांगलं जनावर मालकाच्या दावणीला. मालकाच्या परवानगीविना गाव सोडायचं नाही. पळून जाऊन सनदेच्या, म्हणजे स्वतंत्र कारभाराची सनद मिळालेल्या शहरात वर्ष आणि एक दिवस काढला तर सुटका, असा रिवाज होता. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या नावावरच्या ग्रंथात विलेनची खूण सांगितली आहे: उद्या सकाळी काय काम करायचं आहे, हे त्याला आदल्या संध्याकाळी ठाऊक नसतं. मला ही व्याख्या सगळ्यांत खरी वाटते, कारण तिच्यात जमीन, पैसा, जात काही नाही. उद्याचा दिवस स्वतःचा नसणं, एवढंच आहे.

याच दप्तरांत विलेनसाठी आणखी एक शब्द येतो, 'नातिवुस', म्हणजे जन्माने बांधलेला. इंग्रजीत 'नेटिव्ह' या नामाचा जुना अर्थ हाच, दास्यात जन्मलेला माणूस. पुढे अर्थ बदलला, आणि आपल्या पणजोबांच्या पिढीला कचेऱ्यांमध्ये, पलटणींमध्ये, दवाखान्यांच्या पाट्यांवर तो शब्द भेटला. पाटी लावणाऱ्याच्या मनात जुना अर्थ नसेलही. मला मात्र तो कळल्यापासून ती पाटी वेगळी दिसते.

जातं का लागत होतं

आता परत मठात. मालकाच्या हक्कांपैकी एक होता गिरणीचा. मालकाच्या ताब्यातल्या माणसाने दळण मालकाच्याच पाणचक्कीवर न्यायचं आणि दळणाचा हिस्सा तिथे सोडायचा. घरी हाताने दळलं तर तेवढं मालकाचं बुडालं. म्हणून घरातलं जातं हा गुन्हा ठरला.

सेंट ऑल्बन्समध्ये हा तंटा पिढ्यान् पिढ्या चालला. गावकऱ्यांचं म्हणणं, आमचं गाव शहर आहे, आम्ही नागरिक आहोत. मठाचं म्हणणं, गाव आमचं, तुम्ही आमची रयत. साधारण १३३० च्या सुमारास रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड या मठाधिपतीने तंट्याचा निकाल आपल्या बाजूने लावून घेतला, जाती जप्त केली आणि त्यांची फरशी घातली. येता-जाता पाय पडावा अशा जागी. हा रिचर्ड सामान्य माणूस नव्हता. सूर्य-चंद्राची गती दाखवणारं एक अद्भुत घड्याळ त्याने मठात उभारायला घेतलं, आणि युरोपच्या विज्ञानाच्या इतिहासात त्याचं नाव आदराने घेतात. तो जन्मला होता लोहाराच्या घरी. लोहाराच्या मुलाने शेजाऱ्यापाजाऱ्यांची जाती पायाखाली बसवावी, हे मला या प्रकरणातलं सगळ्यांत दुखरं ठिकाण वाटतं.

ज्यांच्या घरात जातं फिरलेलं आहे त्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको. आमच्याकडे आजीचं जातं अजून पडवीत आहे. पहाटेची ओवी, माहेरची आठवण, लग्नघरी जात्याला हळदकुंकू लावून बांधलेली सुपारी. सेंट ऑल्बन्सच्या बायकांच्या ओठांवर दळताना काय येत असे, ते कुणी लिहून ठेवलं नाही. पण ते दगड परत मिळवण्यासाठी त्यांच्या नातवंडांनी मठाची फरशी फोडली, एवढं ठाऊक आहे.

१३८१ चा उन्हाळा

मधल्या काळात १३४८–४९ ची प्लेगची साथ येऊन गेली होती. माणसं इतकी मेली की कामाला हात मिळेनात. उरलेल्यांनी जास्त मजुरी मागितली, तेव्हा १३५१ च्या कायद्याने मजुरी साथीच्या आधीच्या दरावर बांधून टाकली. त्यात फ्रान्सशी युद्ध, आणि युद्धासाठी डोईपट्टी. चार वर्षांत तीनदा. तिसरी, १३८० ची, माणशी एक शिलिंग. मे १३८१ च्या अखेरीस एसेक्समधल्या ब्रेंटवुडला पट्टीची चौकशी करायला आलेल्या अधिकाऱ्यांना गावकऱ्यांनी हाकलून लावलं आणि पंधरा दिवसांत एसेक्स व केंटचे जथे लंडनमध्ये होते.

राजा दुसरा रिचर्ड तेव्हा चौदा वर्षांचा. १४ जूनला माइल एंडच्या मैदानात तो लोकांना भेटला. मागणी सरळ होती: विलेनपण रद्द करा, जमिनीला एकरी चार पेन्स खंड ठरवा, काम ज्याच्या-त्याच्या मर्जीने. राजाने हो म्हटलं. लेखनिक बसवून गावोगावच्या नावाने मुक्तीच्या सनदा लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी स्मिथफील्डला बोलणी चालू असताना लंडनच्या महापौराने लोकांचा पुढारी वॉट टायलर याच्यावर शस्त्र चालवलं. टायलर मेला, आणि बंडाचा कणा तिथेच मोडला.

सेंट ऑल्बन्सची माणसंही लंडनला जाऊन राजाचं पत्र घेऊन आली होती. त्यांचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब. परत आल्यावर त्यांनी काय केलं ते ओळीने पाहिलं तर रागाला किती नेमकी दिशा होती ते कळतं. मठाने राखलेल्या रानाची कुंपणं पाडली. कैदखाना उघडला. शेतात एक जिवंत ससा पकडला आणि गावाच्या मध्यावर शिक्षेच्या खांबाला लटकवला, कारण सशाची शिकार हाही मालकाचाच हक्क होता. मठाकडून दप्तरं मागवून बाजारात जाळली. आणि मग जात्यांची फरशी.

शिवाय त्यांनी मठाधिपती टॉमस द ला मेअर याच्याकडे एक जुनी सनद मागितली. ऑफा राजाने शेकडो वर्षांपूर्वी गावाला स्वातंत्र्य दिलं होतं, त्या सनदेची अक्षरं एक सोन्याची, एक निळ्या शाईची, अशी त्यांची श्रद्धा होती. मठाधिपती म्हणाला, असलं काही माझ्याकडे नाही. ती नसेलही. पण कागदाने बांधलेल्या माणसांना सुटकासुद्धा कागदातूनच दिसत होती, तीही सोनेरी अक्षरांत. वॉल्सिंगहॅम लिहितो की त्या दिवसांत कारकून म्हणून ओळखलं जाणं धोक्याचं होतं, आणि कमरेला दौत सापडली तर जास्तच धोक्याचं. तो हे रानटीपणाचा पुरावा म्हणून सांगतो. पण विलेन कोण हे ठरवायचं हत्यार दौतच होती. कुणाचा बाप विलेन होता, कुणाच्या बहिणीच्या लग्नाला मर्चेट भरलं होतं, हे कचेरीच्या गुंडाळीत लिहिलेलं असे, आणि तेवढ्यावर माणसाची पुढची पिढी बांधली जाई.

राजाचं उत्तर

आता ते वाक्य, ज्यासाठी मी हे प्रकरण निवडलं. जूनच्या अखेरीस एसेक्सचे प्रतिनिधी वॉल्थमला राजाला भेटले आणि विचारू लागले, माइल एंडला दिलेला शब्द कायम आहे ना? वॉल्सिंगहॅमने राजाच्या तोंडी उत्तर घातलं आहे. त्याचा आशय असा: तुम्ही खेडवळ होतात आणि खेडवळच आहात. दास्यातच राहाल, आणि ते पूर्वीसारखं नव्हे, तर त्याहून कितीतरी हलकं असेल.

या 'हलकं'साठी लॅटिनमध्ये शब्द आहे 'विलिओरी'. 'विलिस' म्हणजे स्वस्त, कवडीमोल, म्हणून नीच. इंग्रजीतलं 'व्हाइल' त्यातूनच आलं. विलिस आणि विला यांचा मुळात काही संबंध नाही. पण कानाला ते भाऊ वाटतात. विलेन म्हटलं की विलिस ऐकू यावं, शेतकरी म्हटलं की नीच ऐकू यावं, असं शतकानुशतकं होत राहिलं, आणि शब्दकोशकार 'व्हिलन'चा अर्थ घसरण्यात या ध्वनिसाम्याचाही हात मानतात.

बंडाने हा अर्थ जन्माला घातला असं मात्र नाही. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इंग्रजीत हा शब्द हलक्या मनाच्या गावंढळाला वापरलेला दिसतो. त्याआधी फ्रेंच दरबारी काव्यात सुसंस्कृत आणि विलेन अशी जोडीच होती. पहिला दरबारातला, दुसरा शेतातला. एक फ्रेंच म्हणसुद्धा होती: विलेनला तेल चोळा, तो तुम्हाला टोचेल, त्याला टोचा, तो तुम्हाला तेल चोळेल. म्हण कुणी रचली असेल ते उघड आहे. टोचणाऱ्याला आपल्या टोचण्याचं कारण हवं होतं.

इंग्रजीत असे शब्द रांगेने उभे आहेत. 'चर्ल' हा एकेकाळचा स्वतंत्र शेतकरी, तो उद्धट ठरला. 'बूर' हा शेतकरीच, दक्षिण आफ्रिकेतल्या 'बोअर'चा सख्खा, तो असभ्य ठरला. 'नेव्ह' हा नुसता पोरगा, मग नोकर पोरगा, मग लबाड. उलट 'जेंटल' म्हणजे चांगल्या कुळातला, तो सौम्य झाला. 'नोबल' उमराव, तो उदात्त झाला. इंग्रजी साहित्याचे अभ्यासक सी. एस. लुईस यांनी या प्रकाराला दर्जाच्या शब्दांचं नैतिकीकरण म्हटलं. गुण वरच्यांच्या नावे जमा आणि दुर्गुण खालच्यांच्या नावे, ही खतावणी भाषेने गुपचूप लिहिली.

सेंट ऑल्बन्सचा शेवट लवकर झाला. २ जुलैला राजाने सगळ्या सनदा रद्द केल्या. जुलैच्या मध्यावर तो मुख्य न्यायाधीश ट्रेसिलियनला घेऊन सेंट ऑल्बन्सला आला. 'आदम खणत होता आणि इव्ह सूत कातत होती, तेव्हा उमराव कोण होता?' हे जॉन बॉल या धर्मोपदेशकाचं वचन म्हणून प्रसिद्ध आहे. त्या बॉलला १५ जुलैला इथेच मारलं. ग्रिंडकॉबला आधी जामिनावर सोडलं होतं, गावकऱ्यांना समजावून मठाकडून घेतलेल्या सनदा परत करायला लाव, मग जीव वाचेल, या बोलीवर. तो गावात आला आणि उलटच सांगून गेला: माझ्या मरणाची फिकीर करू नका, मिळालेलं स्वातंत्र्य सोडू नका. हे भाषण टिपून ठेवणाराही वॉल्सिंगहॅमच. ग्रिंडकॉब आणि त्याच्या साथीदारांना फाशी दिलं. गावकऱ्यांनी रात्री प्रेतं उतरवून नेली, तर ती साखळ्यांनी पुन्हा टांगायचा हुकूम निघाला, आणि टांगायला लावलं त्याच गावकऱ्यांना.

दोन स्पेलिंगं

विलेनपण कोणत्याही कायद्याने एका दिवसात संपलं नाही. मजुरांची टंचाई होती, जमिनी पडून होत्या, पळालेला माणूस शेजारच्या गावात काम मिळवू शकत होता. मालकांनी हळूहळू वेठ सोडून रोख खंड घ्यायला सुरुवात केली. पंधराव्या-सोळाव्या शतकात विलेन विरळ होत गेले. १७७२ साली लंडनच्या न्यायालयात जेम्स सॉमरसेट या आफ्रिकी माणसाच्या सुटकेचा खटला उभा राहिला, तेव्हा त्याचा वकील हारग्रेव्ह म्हणाला की इंग्लंडच्या कायद्याला दास्याचा एकच प्रकार ठाऊक होता, विलेनपण, आणि ते केव्हाच मेलं आहे. सॉमरसेट सुटला. इतक्या बदनाम झालेल्या शब्दाचं हे एक शेवटचं काम मला फार मोलाचं वाटतं.

माणूस संपला तरी शिवी उरली. शेक्सपिअरच्या 'अ‍ॅज यू लाइक इट'च्या पहिल्याच प्रवेशात ती कात टाकताना दिसते. थोरला भाऊ ऑलिव्हर धाकट्या ऑर्लंडोला, ज्याला त्याने शेतगड्यासारखं वाढवलं आहे, 'व्हिलन' म्हणतो. म्हणायचं असतं नालायक. ऑर्लंडो उसळून उत्तर देतो, मी व्हिलन नाही, मी सर रोलंड डी बॉइजचा मुलगा आहे, आणि अशा बापाच्या पोटी व्हिलन निपजले म्हणणारा तिप्पट व्हिलन. थोरल्याच्या तोंडी शिवी, धाकट्याच्या कानात जात-कूळ. वाक्याच्या सुरुवातीला शब्द शेतगडी आहे आणि शेवटी दुष्ट. नाटक छापलं गेलं १६२३ साली. पुढे स्पेलिंगही दोन झाली. एक इतिहासकारांकडे राहिलं, मध्ययुगातल्या कुळासाठी. दुसरं रंगभूमीवर गेलं, तिथून कादंबरीत, तिथून सिनेमात.

आपल्याकडे

आपली भाषा यात धुतल्या तांदळासारखी नाही. संस्कृत काव्यशास्त्रात 'ग्राम्य' हा दोष आहे, आणि 'नागर' ही प्रशंसा. गावंढळ, खेडवळ हे शब्द आपण आजही माणसाला खाली ढकलायला वापरतो. पण मराठीत याला उत्तर देणारा आवाजही जुना आहे. 'बरे देवा कुणबी केलो, नाही तरी दंभेचि असतो मेलो' हे तुकोबांनी सतराव्या शतकात म्हटलं. कुणबी असण्याने आपण दंभातून वाचलो, असं देवाला सांगणारा हा माणूस. ऑर्लंडो 'मी व्हिलन नाही' म्हणतो आणि कुळाचा दाखला देतो. तुकोबा तो दाखलाच झिडकारतात.

आणि बळी. पुराणात तो असुरांचा राजा, वामनाने पाताळात घातलेला. म्हणजे कथेतल्या मांडणीत देवांच्या विरुद्ध बाजूचा. त्याचं नाव मराठीने कुणाला दिलं? शेतकऱ्याला. दिवाळीच्या पाडव्याला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणून ओवाळणारी बाई कोणत्या बाजूला उभी आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. इंग्रजीत शेतकऱ्याचं नाव दुष्टाला मिळालं. इथे दुष्ट ठरवलेल्याचं नाव शेतकऱ्याने मानाने घेतलं. याच बळीराजाला एकोणिसाव्या शतकात जोतीराव फुल्यांनी आपल्या विचारांत मध्यभागी बसवलं.

'व्हिलन' हा शब्द महाराष्ट्राच्या गावागावांत पोचवला तो सिनेमाने. आणि साठ-सत्तरच्या दशकांतल्या तमाशापटांत, ग्रामीण चित्रपटांत व्हिलन कोण असायचा? पाटील, सरपंच, सावकार. तो राहायचा वाड्यात. त्याच्या शेतावर माणसं राबायची, त्याच्या वहीत त्यांचे अंगठे असायचे. तंबूत बसलेल्या शेतमजुराला 'विलानुस' ठाऊक नव्हतं, पण शब्द त्याने जिथे चिकटवला ती जागा बरोबर होती. विलात राबणाऱ्याच्या माथी मारलेलं नाव इथे विलाच्या मालकाच्या दारात येऊन पडलं.

त्या मालकाचा चेहरा म्हणजे निळू फुले. त्यांच्या नजरेला आणि आवाजाला घाबरून गावोगावच्या बायका त्यांना खरोखरीचा दुष्ट समजत. राष्ट्र सेवा दलात घडलेला हा माणूस सिनेमात येण्याआधी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात नोकरीला होता. तिथल्या बागेत माळीकाम करायचा.